पोटाचा घेर, ऑक्सिडेटिव्ह ताण आणि बाटलीतले अँटिऑक्सिडंट

सड्यावरची

नमस्कार मंडळी,

गणपतीत चाकरमानी गावी आले की त्यांच्या सामानात हल्ली कॅप्सूलच्या बाटल्या असतात. आईचं वजन वाढलंय, साखर सीमेवर आलीय, गुडघे कुरकुरतायत, म्हणून मुलगा नाहीतर सून प्रेमाने घेऊन येते. ग्रीन टीचा अर्क, द्राक्षबियांचा अर्क, जीवनसत्त्व ई, हळदीतलं कर्क्युमिन आणि आता कोकमाच्याही कॅप्सूल. सगळ्यांवर एकच शब्द मोठ्या अक्षरात असतो: अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडेशनने होणारी पेशींची हानी रोखणारा पदार्थ. मी रत्नागिरीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. चतुर्थीनंतरच्या महिन्यात लांजा, राजापूर, संगमेश्वरकडची माणसं पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवतात आणि विचारतात, "ताई, घेऊ ना हे?" या प्रश्नाचं उत्तर घाईत देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. वाढलेल्या वजनासोबत शरीरातला ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो, हे अगदी खरं आहे. तो बाटलीतल्या गोळीने उतरतो आणि त्यामुळे पोट किंवा साखर कमी होते, याला माणसांवरच्या चाचण्यांत आधार मिळालेला नाही. काही गोळ्यांनी तर मोठ्या चाचण्यांत अपाय झाला आहे.

आधी हा ताण येतो कुठून ते बघू. अन्नातली ऊर्जा शेवटी पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, मोकळी होते. तिथे इलेक्ट्रॉन हातोहात पुढे सरकत प्राणवायूपर्यंत पोचतात आणि पाणी तयार होतं. वाटेत काही इलेक्ट्रॉन निसटतात, थेट प्राणवायूला चिकटतात आणि सुपरऑक्साइड बनतो. आसपासच्या रेणूंना इजा करू शकणाऱ्या अशा चपळ रेणूंना फ्री रॅडिकल किंवा नुसतं रॅडिकल म्हणतात. हे निरोगी माणसातही चोवीस तास चालू असतं. त्याचा बंदोबस्त शरीराकडे आहे. सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचं एन्झाइम त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं (हे काम मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये दाखवलं) आणि पुढे कॅटलेज व ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही एन्झाइमं त्याचं पाणी करतात. निर्मिती वाढली किंवा बंदोबस्त तोकडा पडला की जी स्थिती येते तिला हेल्मुट सीस या जर्मन शास्त्रज्ञाने १९८५ मध्ये ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हे नाव रूढ केलं.

आता जास्त खाणं आणि कमी हालचाल एकत्र आली की काय होतं? रक्तात साखर आणि चरबी भरपूर, पण स्नायूंकडून ऊर्जेला मागणी नाही. चुलीत गरजेपेक्षा जास्त लाकडं कोंबली की जाळ वाढत नाही, धूर वाढतो. तसंच मायटोकॉन्ड्रियात इलेक्ट्रॉन तुंबतात आणि निसटणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. दुसरीकडे चरबीच्या पेशी फुगत जातात, त्यांना रक्तपुरवठा पुरत नाही, तिथे पांढऱ्या पेशी जमतात, दाह सुरू होतो. फुगलेल्या चरबीत एनएडीपीएच ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम मुद्दाम सुपरऑक्साइड तयार करत असतं. जपानमधल्या फुरुकावा आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये लठ्ठ उंदरांत हे दाखवलं, आणि ते एन्झाइम रोखल्यावर उंदरांची साखर सुधारली. माणसांत पुरावा आहे तो अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासाचा: २००३ मध्ये त्यांनी लघवीतले आयसोप्रोस्टेन, म्हणजे चरबीचं ऑक्सिडेशन झाल्याची खूण, मोजून दाखवले. धूम्रपान करणारे, मधुमेही आणि जास्त बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) असलेले, या तिन्ही गटांत ते वाढलेले होते.

इथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल, की मग अँटिऑक्सिडंट घेतलं की झालं. शास्त्रज्ञांनाही तसंच वाटलं होतं. म्हणून त्यांनी हजारो माणसांवर करून पाहिलं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन आणि जीवनसत्त्व ई दिलं. १९९४ मध्ये निकाल आला, तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच एक चाचणी १९९६ मध्ये ठरल्यापेक्षा २१ महिने आधी थांबवावी लागली, कारण तिथे तो २८ टक्क्यांनी जास्त होता. २००७ मध्ये ६८ चाचण्यांतल्या २,३२,६०६ माणसांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यातल्या काटेकोर चाचण्या वेगळ्या काढल्यावर बीटा कॅरोटीन, जीवनसत्त्व अ आणि जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण थोडं जास्तच आढळलं.

ज्या गोष्टीला आपण निरुपद्रवी समजून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना देतो, तिच्याबद्दल हे निकाल आहेत. मला याची काळजी वाटते. तुमचे अनुभव, शंका, विरोध, सगळं लिहा.

पेजभात

ताई, फार गरजेचा धागा. आमच्या वाडीत एक ओळखीचे गृहस्थ कंपनीची साखळी चालवतात. "आधी स्वतः घ्या, मग चार जणांना द्या." डबा साडेतीन हजारांचा. भात विकून डबा घेतलेली माणसं मी बघितली आहेत. त्या डब्यावर "ओआरएसी मूल्य" म्हणून एक भलाथोरला आकडा छापलेला असतो आणि जेवढा आकडा मोठा तेवढी ताकद मोठी, असं समजावतात. याबद्दल सांगाल का?

सड्यावरची

पेजभात, ओआरएसी म्हणजे परीक्षानळीत एखादा पदार्थ किती फ्री रॅडिकल शोषतो त्याचं माप. पोटात गेल्यावर किती शोषलं जातं, यकृत त्याचं काय करतं, पेशीत किती पोचतं, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांचा तक्ता आपल्या संकेतस्थळावर ठेवला होता. २०१२ मध्ये त्यांनी तो काढून टाकला, कारण आरोग्याशी त्याचा संबंध लागत नव्हता आणि विक्रेते त्याचा गैरवापर करत होते. तुमच्या वाडीत हे आवर्जून सांगा.

उधाण

लेख आवडला, पण एक हरकत आहे. फिनलंडची चाचणी सिगारेट ओढणाऱ्यांवर, कर्करोगासाठी. वजन आणि साखर यांचा विषय काढून तिथला निकाल लावणं मला पटत नाही. मी जीवशास्त्रात संशोधन केलंय, चरबीयुक्त खाद्यावर उंदीर वाढवलेत. अशा उंदरांत अँटिऑक्सिडंट दिल्यावर इन्शुलिनचं काम सुधारल्याचे निबंध ढिगाने आहेत. २००६ मध्ये हूस्टिस आणि लँडर यांचा नेचरमधला निबंध तर स्पष्ट सांगतो, की इन्शुलिनला पेशींनी दाद न देण्यामागे हे रॅडिकल कारण म्हणून आहेत, नुसते सोबती नाहीत. हे सगळं बाजूला सारायचं का?

सड्यावरची

बाजूला सारायचं नाही, म्हणूनच त्या अभ्यासांनी यंत्रणा दाखवली हे मी वरच मान्य केलं. धूम्रपानाची हरकत रास्त आहे, तर हृदयविकाराचा धोका असलेल्यांची चाचणी घ्या. होप चाचणीत ९,५४१ माणसं होती, त्यातले बरेच मधुमेही. रोज ४०० युनिट जीवनसत्त्व ई, साडेचार वर्षं. २००० मध्ये निकाल आला: हृदयविकाराचे झटके, पक्षाघात, मृत्यू, कशातच फरक नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना पुढेही गोळी चालू ठेवली आणि २००५ मध्ये कळलं, की ई घेणाऱ्यांत हृदय कमजोर होण्याचं प्रमाण जास्त होतं. ही आपल्याकडच्या पन्नाशी-साठीच्या, साखर आणि रक्तदाब असलेल्या माणसांच्या जवळची मंडळी आहेत.

तुम्ही स्वतः उंदीर सांभाळलेत, तर त्या प्रयोगांची रचना इथे सांगा ना. वाचणाऱ्यांना त्याचा फार उपयोग होईल.

उधाण

सांगतो. नेहमीचा उंदीर म्हणजे सी५७ब्लॅक६ जातीचा, एकाच वाणाचा, बहुधा नर. त्याला जे खाद्य देतात त्यात ६० टक्के ऊर्जा चरबीतून येते, तीही मुख्यतः डुकराच्या चरबीतून. तीनएक महिन्यांत तो गोलमटोल होतो, साखर वाढते, यकृतात चरबी साठते. माणूस सहसा असं खात नाही. कितीही वडे-सागोती झाली तरी ६० टक्के चरबीवर महिनोन् महिने आपल्याकडे सहसा कोणी राहत नाही.

दुसरी गोष्ट निबंध वाचताना मी नेहमी तपासतो. तुलनेचा सडपातळ उंदीर काय खातो? कित्येक प्रयोगांत त्याला साधं धान्याचं खाद्य असतं, आणि लठ्ठ उंदराला शुद्ध केलेल्या घटकांचं. धान्याच्या खाद्यात तंतू असतात, वनस्पतींतली शेकडो रसायनं असतात. म्हणजे दोघांत फरक फक्त चरबीचा उरत नाही. चांगल्या प्रयोगात दोन्ही खाद्यं शुद्ध घटकांचीच असतात आणि चरबीचं प्रमाण तेवढं बदलतं.

तिसरी गोष्ट, पुष्कळ प्रयोगांत चरबीचं खाद्य आणि अँटिऑक्सिडंट एकाच दिवशी सुरू होतात. तो प्रतिबंध झाला. माणूस मात्र वीस वर्षं वजन वाढवून मग बाटली उघडतो. मात्रेचंही तसंच. द्राक्षांत असणाऱ्या रेस्व्हेराट्रॉलच्या २००६ च्या गाजलेल्या प्रयोगात उंदराला दर किलो वजनामागे रोज २२ मिलिग्रॅमच्या आसपास दिलं होतं. तेवढं द्राक्षं किंवा वाइनमधून मिळवणं माणसाला अशक्य.

तरी माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. जीवनसत्त्व ई आणि क ही कदाचित चुकीची हत्यारं असतील. अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये थेट मायटोकॉन्ड्रियात जाऊन बसणारा रेणू वापरला आणि चरबी खाणाऱ्या उंदरांत इन्शुलिनचं काम टिकून राहिलं. त्याच निबंधात माणसांच्या स्नायूंतही जास्त चरबी खाल्ल्यावर पेरॉक्साइड वाढलेला दाखवलाय. या दिशेने औषध निघू शकतं.

सड्यावरची

हे तुम्ही लिहिलंत ते फार छान झालं, आणि शेवटच्या मुद्द्यावर माझी सहमती आहे. तसं औषध निघालं, चाचण्यांत टिकलं, तर मी आनंदाने लिहीन. पण ते संशोधनातलं औषध आणि चिपळूणच्या बाजारपेठेत मिळणारी बाटली यांचा एकमेकांशी संबंध नाही. विक्रेता निबंध त्या रेणूचा दाखवतो आणि विकतो जीवनसत्त्व ई.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हायड्रोजन पेरॉक्साइड हा नुसता कचरा नाही. इन्शुलिन पेशीला भेटतं तेव्हा पेशी स्वतःच थोडा पेरॉक्साइड तयार करते आणि त्यामुळे इन्शुलिनचा निरोप थांबवणारं एन्झाइम काही वेळ गप्प बसतं. थोडक्यात, तो निरोप नीट पोचायला थोडा पेरॉक्साइड लागतो. आता उंदरांचेच दोन प्रयोग बघा. २००४ मध्ये ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज जास्त तयार करणारे उंदीर वाढवले, म्हणजे जन्मतःच भरपूर अँटिऑक्सिडंट असलेले. ते लठ्ठ झाले आणि त्यांच्यात इन्शुलिनला दाद मिळेनाशी झाली. उलट २००९ मध्ये हेच एन्झाइम नसलेले उंदीर चरबीच्या खाद्यावर ठेवले, तर ते इन्शुलिनच्या बाबतीत चांगले राहिले. रॅडिकल म्हणजे शत्रू, सगळे मारून टाका, हे गणित इथे चालत नाही.

व्यायामाचंही तसंच आहे. रिस्टो आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. अर्ध्यांना रोज १००० मिलिग्रॅम जीवनसत्त्व क आणि ४०० युनिट ई दिलं. गोळ्या न घेणाऱ्यांत इन्शुलिनचं काम सुधारलं, गोळ्या घेणाऱ्यांत सुधारलं नाही. व्यायामात स्नायू जे थोडे रॅडिकल सोडतात, त्यावरूनच शरीर आपली स्वतःची एन्झाइमं वाढवायला शिकतं. तो इशाराच गोळीने पुसला गेला.

उधाण

एक भर घालतो, कारण इथे अर्धवट राहू नये. त्यानंतर काही प्रयोगांत, माणसांत आणि उंदरांत, गोळ्यांनी व्यायामाचा फायदा अडलेला दिसला नाही. त्यामुळे "हमखास नुकसान" असं म्हणता येणार नाही. पण गोळ्यांनी व्यायामाचा फायदा वाढला, असं मात्र मला कुठे आढळलं नाही.

सड्यावरची

बरोबर. धन्यवाद.

नाखवा

ताईनु, सगळा वाचलंय. थोडा डोक्यावरसून गेला, पण मुद्दो समाजलो. माझी आवस सत्तरीची. भावान मुंबयसून तिका बाटली धाडल्यान हा. ती रोज दोन कॅप्सूल खाता. आमी तर रोज मासे खातो, मगे ह्ये गोळये कित्याक व्हये? आणि बांगडो तळून खाल्लो तर चलता मा?

सड्यावरची

नाखवादादा, आईंना दुसरं कुठलं औषध चालू आहे का, ते आधी कळवा. बाटलीवर काय लिहिलंय तेही.

माशांबद्दल सांगते. बांगडा आणि तारली यांच्यात ओमेगा ३ चांगलं असतं. शिवाय मासळीत सेलेनियम असतं. वर जे ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज म्हटलं, ते एन्झाइम बनायला सेलेनियम लागतं. तुमच्याकडे ते ताटातूनच येतं. अमेरिकेत ३५,५३३ पुरुषांना सेलेनियम आणि जीवनसत्त्व ई देऊन पाहिलं होतं. प्रोस्टेटच्या कर्करोगापासून बचाव झाला नाहीच, उलट ई घेणाऱ्यांत तो १७ टक्क्यांनी जास्त निघाला, हे २०११ मध्ये जाहीर झालं.

बांगडा तळून कधीतरी चालेल. पण एकदा तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. त्यात चरबीचे पेरॉक्साइड आणि ॲल्डिहाइड तयार होतात, म्हणजे ऑक्सिडेशन झालेला माल आपण थेट पोटात घालतो. एफएसएसएआय या आपल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने तळणाच्या तेलातल्या अशा घटकांवर २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. नाक्यावरच्या कढईत ती कोण मोजणार? घरी तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलंत तर उत्तम.

कोकमवाला_कुडाळ

ताई, मी कोकमाचा धंदा करतो. आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसुलं, अमृत कोकम (साखर घातलेलं सरबत), कोकम तेल. महामार्गावर स्टॉल आहे. दर दुसरा पर्यटक विचारतो, "यानं वजन उतरतं ना?" आणि आता कॅप्सूल बनवणारे सालीची मागणी करतायत. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा आम्हाला अभिमान आहे. खोटं सांगून विकायचं नाही. तर कोकमाबद्दल खरं काय ते सांगा.

सड्यावरची

दादा, तुमच्यासारखा विचारणारा विक्रेता असेल तर गिऱ्हाईक नशीबवान.

"गार्सिनिया" नावाने जगभर विकलं जातं ते आपलं कोकम नव्हे. आपलं गार्सिनिया इंडिका. बाटलीतलं बहुतेक वेळा गार्सिनिया कॅम्बोजिया, ज्याला केरळात कुडमपुळी म्हणतात आणि माशाच्या कालवणात घालतात. दोघांच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं. हे आम्ल साखरेपासून चरबी बनवणाऱ्या एका एन्झाइमला अडवतं, हे परीक्षानळीत खरं आहे. माणसांवर मात्र १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जाड माणसांवर नीट चाचणी झाली. बारा आठवडे, रोज १५०० मिलिग्रॅम आम्ल. अर्क घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं, खोटी गोळी (जिच्यात औषध नसतं) घेणाऱ्यांचं ४.१ किलो. म्हणजे दोन्हीकडे जे उतरलं ते सोबत दिलेल्या कमी ऊर्जेच्या आहाराने. आणि गार्सिनियाच्या कॅप्सूलांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

कोकमाच्या सालीत गडद लाल रंग देणारी अँथोसायनिन आहेत, गार्सिनॉल आहे. पेशींवर आणि उंदरांवर त्यांचे चांगले परिणाम दिसलेत. यावरून गिऱ्हाइकाला "वजन उतरतं" असं सांगता येत नाही. पण सोलकढी जेवणात घेणं, आमटीत चिंचेऐवजी आमसूल टाकणं, उन्हातून आल्यावर आगळ-मीठ-जिऱ्याचं पाणी पिणं, हे मनापासून सांगा. अमृत कोकमाचं मात्र वेगळं आहे, त्यात फळापेक्षा साखर जास्त जाते. साखर असलेल्या माणसाला स्टॉलवर आगळाची बाटली द्या आणि तसं का देताय ते सांगा.

कोकमवाला_कुडाळ

पटलं. आगळाच्या बाटलीवर "साखर नाही" मोठं छापून घेतो. वजनाचं एक अक्षर छापणार नाही.

चिरेबंदी

मी औषधविक्रेता आहे, चिपळूण भागात. काउंटरच्या या बाजूने दोन-तीन गोष्टी.

जीवनसत्त्व ई बद्दल सरसकट नाही म्हणू नये. यकृतात चरबी साठून दाह झालेल्यांवर, म्हणजे नॅशवर, २०१० मध्ये पिव्हेन्स नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. मधुमेह नसलेली २४७ माणसं, यकृताचा तुकडा तपासून निदान पक्कं केलेली. ९६ आठवडे रोज ८०० युनिट ई दिल्यावर ४३ टक्के जणांचं यकृत सुधारलं, खोट्या गोळीवर १९ टक्के जणांचं. त्यामुळे पोटविकारतज्ज्ञ काही निवडक रुग्णांना ते लिहून देतात आणि ते योग्य आहे. अडचण अशी, की सोनोग्राफीत "फॅटी लिव्हर ग्रेड १" दिसलं की लोक चिठ्ठीशिवाय तीच गोळी मागायला येतात.

ग्रीन टीचा कप वेगळा, अर्क वेगळा. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१८ मध्ये सांगितलं, की पूरक म्हणून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य अँटिऑक्सिडंट) घेतल्यास यकृताची एन्झाइमं वाढू शकतात. हळदीचं तेच. जेवणातली हळद पिढ्यान् पिढ्या चालत आलीय. कर्क्युमिनच्या कॅप्सूलमध्ये ते शोषलं जावं म्हणून मिरीतलं पिपरिन घालतात, आणि अशा कॅप्सूलांनी कावीळ झालेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत.

जीवनसत्त्व क १००० मिलिग्रॅमच्या गोळ्या रोज चघळणाऱ्या पुरुषांत मुतखड्याचं प्रमाण सुमारे दुप्पट, असा स्वीडनचा २०१३ चा अभ्यास आहे. मुतखड्याचा त्रास झालेल्याने तर हात लावू नये.

आणि डब्यावर "औषधी वापरासाठी नाही" असं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. बारीक अक्षरात असतं. पेजभात, त्या साखळीवाल्या गृहस्थांना ती ओळ मोठ्याने वाचायला लावा.

दादरचा_चाकरमानी

खरं सांगतो, वाचून वाईट वाटलं. आम्ही बाटली नेतो ती आई-बाबांच्या काळजीपोटी. वर्षातून दोनदा येतो, गणपती आणि शिमग्याला. त्यांच्याजवळ राहता येत नाही, तर निदान काहीतरी चांगलं पाठवावं असं वाटतं. माझे बाबा तसे बारीक आहेत, फक्त पोट थोडं सुटलंय. वजनकाट्यावर ठीक दिसतात. त्यांना तर या ताणाबिणाची चिंता नसावी ना?

सड्यावरची

तुमच्या काळजीवर कोणाचंच बोट नाही, दादा. म्हणून तर इतकं लिहावंसं वाटतं.

बाबांबद्दल मात्र निर्धास्त राहू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं हेच दाखवलं आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटनच्या डॉ. युडकिन यांनी लॅन्सेटमध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. आपली माणसं काट्यावर बारीक असतात आणि आत, पोटाच्या भागात, चरबी बाळगून असतात. वर सांगितलेला दाह आणि ताण याच चरबीत जास्त. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० च्या वर गेला की सावध व्हायचं. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या देशव्यापी अहवालात ३९.५ टक्के प्रौढांत पोटाचा लठ्ठपणा आढळला.

पुढच्या खेपेला येताना बाटलीऐवजी शिवणाची मोजपट्टी आणा, आणि बाबांना रक्तातली साखर, चरबी, रक्तदाब तपासायला स्वतः सोबत घेऊन जा.

पेजभात

मग ताई, ताण उतरतो कशाने? गोळी नको हे समजलं.

सड्यावरची

जास्तीचं इंधन कमी केलं की उतरतो, आणि अपेक्षेपेक्षा लवकर. २००१ मध्ये दंडोना आणि सहकाऱ्यांनी लठ्ठ माणसांना चार आठवडे १००० कॅलरींचा आहार दिला. पांढऱ्या पेशींतून तयार होणारे रॅडिकल तेवढ्यात ठळकपणे कमी झाले. अभ्यास लहान होता आणि एवढा कडक आहार घरी कोणी स्वतःच्या मनाने करू नये, पण दिशा त्यातून कळते.

आपल्याकडे काय बदललं ते मी रोज ऐकते. आजीच्या पिढीने भात दोन्ही वेळा खाल्ला, पण सकाळी पेज आणि सुकटीची चटणी खाऊन ती चार मळे पायाखाली घालायची. लावणी, कापणी, गवत, विहिरीचं पाणी, पाखाडी चढून देऊळ. आता शेत पडीक आहे, पाणी नळाला आहे, नाक्यावर जायला स्कूटी आहे. या सोयी हव्याच होत्या, बायकांच्या कंबरा मोडत होत्या त्या कामाने. पण भाताचं ताट तेवढंच राहिलं. त्यात सकाळी चहासोबत खारी-बटर, दुपारी सरबत, संध्याकाळी फरसाण आणि रात्री मालिका बघत जेवण आलं.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी ताटात एवढंच बदलायला सांगते: भाताचा एक डाव कमी, त्या जागी कुळथाची पिठी किंवा मुगागाठी. आठवड्यातून काही वेळा नाचणीची भाकरी. नाचणीच्या टरफलातच तिची पॉलिफिनॉल असतात, त्यामुळे पीठ चाळून कोंडा टाकू नका. टाकळा, शेवगा, भारंगी, कुर्डू, पावसात जे उगवतं ते खा. मे महिन्यात करवंदं आणि जांभळं. हापूसचा हंगाम आहे म्हणून एका बैठकीत पाच आंबे नकोत, जेवणानंतर एक पुरे, आणि त्या दिवशी आमरसात साखर घालू नका. नारळ बंद करा असं मी सांगत नाही. ओलं खोबरं वाटणात मोजून घाला, म्हणजे तेल वेगळं लागत नाही.

अन्नातली ही अँटिऑक्सिडंट आणि बाटलीतली यांत फरक काय, असं पुढे कोणी विचारेलच. भाजी-फळांतली रसायनं मात्रेने थोडी असतात, तंतूंसोबत येतात, मोठा भाग आतड्यातले जंतू वापरतात. त्यातली काही शरीराला हलकासा डिवचतात आणि एनआरएफ२ नावाच्या प्रथिनाच्या मार्फत आपलीच संरक्षक एन्झाइमं वाढतात. एकच रेणू वेगळा काढून शंभरपट दिला की हे सगळं मागे पडतं.

आणि चाला. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं. ओटीवर, अंगणात, पाऊस असेल तर पडवीत फेऱ्या. स्नायूंनी ऊर्जा मागितली की तुंबलेले इलेक्ट्रॉन पुढे सरकतात, रॅडिकलची गळती तिथेच कमी होते. कुठली कॅप्सूल हे करू शकत नाही, कारण ती झालेली गळती पुसायला जाते.

उधाण

शेवटचा परिच्छेद नेमका उतरलाय. मायटोकॉन्ड्रियाच्या भाषेत व्यायाम म्हणजे मागणी, आणि मागणी आली की गळती घटते. हे मी वर्गात शिकवताना असंच सांगेन.

दादरचा_चाकरमानी

बाबांशी फोनवर बोललो. घेर ९६ निघाला. दिवाळीत येतोय, तेव्हा तपासण्या करून घेतो. बाटली परत आणतो.

नाखवा

ताईनु, आवशीक इचारलंय. तिका हृदयाचा औषध चालू आसा. कागदार "वॉरफरिन" लिवलेला आसा. बाटलेर लिवलेला: जीवनसत्त्व ई ४०० युनिट, द्राक्षबियांचो अर्क, लसणीचो अर्क.

चिरेबंदी

नाखवाभाऊ, आईंच्या कॅप्सूल आजपासून थांबवा आणि त्यांच्या डॉक्टरांना लगेच फोन करून हे कळवा. वॉरफरिन रक्त पातळ ठेवतं. जीवनसत्त्व ई मोठ्या मात्रेत आणि लसणीचा अर्क हे दोन्ही त्याला जोड देतात, रक्तस्राव होऊ शकतो. अमेरिकेत १४,६४१ पुरुष डॉक्टरांवर झालेल्या चाचणीत, वॉरफरिनचा विषय नसतानाही, ई घेणाऱ्यांत मेंदूतल्या रक्तस्रावाचा पक्षाघात जास्त आढळला होता. वॉरफरिन मात्र स्वतःहून बंद करू नका, तसंच चालू ठेवा. आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची, तपासणी कधी झाली होती? हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, शौचाला काळं, असं काही आहे का?

नाखवा

हातार दोन निळे डाग आसत. आमका वाटला, म्हातारपणान झाले. डॉक्टराक फोन केलंय. सकाळी आठाक रक्त तपासूक बोलावल्यानी हा. बाटली पण घेवन जातंय.

सड्यावरची

बाटली न्याच, आणि त्या रोज कुठली पालेभाजी किती खातात तेही डॉक्टरांना सांगा, कारण वॉरफरिनची मात्रा त्यावरही ठरते. रात्री डोकं खूप दुखलं, उलटी झाली किंवा कुठून रक्त थांबेना, तर आठ वाजायची वाट बघू नका, तसेच निघा. सकाळी अहवाल आला की इथे लिहा, मी बघतेय.